डॅडींचं फिडल

१० फेब्रुवारी १९९८

डॅडी आले! केंटकीहून नॅशव्हिलपर्यंत एकटे ट्रक हाकत आले. मी बसचं तिकीट पाठवते म्हटलं तर म्हणाले, "बसमध्ये अनोळखी लोक बोलायला येतात." स्टुडिओच्या दारात चर्चला जायचा कोट घालून उभे, काखेत ती जुनी पेटी.

रेकॉर्ड कंपनीची मार्गो न्यूयॉर्कहून आली आहे. तिने गोड हसून विचारलं, "काका, व्हायोलिन आणलंत?"

"फिडल," डॅडी म्हणाले. "व्हायोलिनवाले बो-टाय बांधतात गळ्यात."

वेल्डन माझी गाणी ध्वनिमुद्रित करतो, त्याचा तर हसून हसून खुर्चीतून पडायचा बेत होता.

माझं नवं गाणं 'तिसरं वळण' डॅडींच्या सुरावटीने सुरू होतं. तिला नाव नाही. आईच्या मागे लागले होते तेव्हा तिच्या कुंपणावर बसून हीच वाजवायचे. दुसऱ्या ओळीत गज मध्येच अडखळतो, लंगडल्यासारखा, आणि मग सावरून पुढे जातो. ते लंगडणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

सकाळभर काही जमेना. डॅडी घामाघूम! "खोली फार गरम ठेवता बुवा तुम्ही." पुन्हा. पुन्हा. शेवटी वेल्डनने मला आणि मार्गोला जेवायला पिटाळलं — "तू काचेपलीकडून टक लावून बघतेस, ते बिचकतात." परत आलो तर डॅडी पेटी बंद करत होते. वेल्डन म्हणाला, झालं काम.

१३ फेब्रुवारी

डॅडी अजून इथेच. ट्रकचा कुठलासा भाग मिळत नाही म्हणे. हायवेजवळच्या मोटेलात राहिलेत, माझ्या घरी नको. "तुझ्या त्या सोफ्यात बसलं की उठवायला क्रेन लागते." रोज जेवायला बोलावते, रोज काही ना काही काम निघतं.

१९ फेब्रुवारी

टेप ऐकली. हुबेहूब! तो गज, ते लंगडणं. आईचं स्वयंपाकघर, ओल्या कोळशाचा वास, सगळं एकदम आलं. मी गाडी रस्त्याकडेला लावून रडले, चांगली मोठ्याने. डॅडी कालच गावी परतले, तिकडे फोन केला.

"बरं वाटलं ना ऐकून?" डॅडींनी विचारलं. "मग झालं तर."

एवढंच! कौतुक करून घ्यायची या माणसाला सवयच नाही.

२७ मार्च

रेडिओच्या यादीत गाणं वर चाललंय. माझ्या गेल्या दोन अल्बमांना कुत्रं विचारत नव्हतं. कंपनीच्या दारातला पहारेकरीसुद्धा नाव विचारायचा. आज त्याच पहारेकऱ्याने सही मागितली, बायकोसाठी म्हणे. दिली. सहीवर एक फूलसुद्धा काढून दिलं!

ऑपल मावशीचा गावाहून फोन. "अगं बया, हर्शेलचं फिडल रेडिओवर! पाद्रीबुवांनी चर्चमध्ये नाव घेतलं त्याचं. सगळे मागे वळून बघतायत, आणि हा मेला मान खाली घालून बसलाय, चोरी केल्यासारखा."

हसू आलं. डॅडी ते डॅडीच.

१६ एप्रिल

मार्गोने जेवायला नेलं. मोठ्या शहरांतल्या रेडिओवाल्यांना 'तिसरं वळण' हवंय. शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस. उन्हाळ्यात स्टेडियमचा दौराही मिळेल. कंट्री गाणारीला पॉपचं दार असं उघडतं ते एकदाच, हे तिने दोनदा सांगितलं.

अट एकच. शहरांसाठी दुसरी आवृत्ती करायची. आवाज माझा तोच, ढोल मोठा, फिडल बाहेर.

"शिकागोतल्या माणसाला फिडल ऐकू आलं की तो गोठा शोधायला लागतो," मार्गो म्हणाली.

"मग शोधू दे. बरा असतो गोठा."

"ट्वायला, सगळेच करतात गं. गावाला फिडलवालं गाणं, शहराला बिनफिडलचं. कुणाला कळतही नाही."

मला कळेल. डॅडींनाही कळेल.

पण हेही लिहून ठेवते — मला ते दार हवंय. जत्रेच्या मांडवात गुरांच्या बक्षीस समारंभानंतर खूप गायले मी. आणखी दहा वर्षांनी कोण विचारणार? रात्रभर झोप नाही.

२० एप्रिल

सांगून टाकलं, फिडल राहणार. मार्गोने वही मिटली. वेल्डन माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं, तर तो कपात बघत म्हणाला, "काढलं तर तुझे वडील दुखावतीलच असं काही नाही."

"तुला काय माहीत?"

"नाही, आपलं वाटलं."

मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं बरोबर काम करतोय आणि डॅडींना एवढंसुद्धा ओळखलं नाही!

२१ एप्रिल

डॅडींना सगळं सांगितलं. "अगं, काढा की मग!" म्हणाले. "कशाला भांडतेस माझ्या किरकिरीसाठी? तू मोठी हो." इतक्या पटकन म्हणाले! किती मोठं मन! आता तर मुळीच काढू देणार नाही.

८ मे

फिडल राहणार.

१५ मे

मार्गोने शेवटचं सांगितलं, महिना संपायच्या आत हो म्हण, नाहीतर दौरा दुसरीला जाईल. दुसरी कोण तेही कळलं. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या गाण्यात फिडल नव्हतंच कधी, तेव्हा काढायचाही प्रश्न नाही.

२४ मे, गावी

डेकोरेशनचा रविवार, गावातली थडगी सजवायचा. सकाळी सगळे कुदळी-फावडी घेऊन टेकडीवर. गवत काढलं, दगड पुसले, आईच्या थडग्यावर पिओनीची फुलं ठेवली. ऑपल मावशीने प्लॅस्टिकची आणली होती. "तुझी आई पाणी घालायला विसरायची, हीच बरी तिला." मग झाडाखाली लांबच लांब टेबलं — कोंबडी, घेवड्याची पातेली, मक्याचा ब्रेड, तळलेल्या सफरचंदाच्या घाऱ्या. शाळेतली विल्मा भेटली. माझे नव्याने कापलेले केस बघून म्हणाली, "काय गं, आता शहरवाल्यांची झालीस वाटतं? डोकं तर आधीच गेलंय." म्हटलं, डोकं गेलंय पण भूक इथलीच आहे, ती घारी दे इकडे.

जेवणानंतर दरवर्षी डॅडी आईपुढे ती सुरावट वाजवतात आणि मी गाते. लोक थांबतात त्यासाठी. या वर्षी तर जास्तच लोक, रेडिओवरचं प्रत्यक्ष ऐकायला आलेले. डॅडींनी पेटी आणली, गवतावर ठेवली आणि उघडलीच नाही.

"तार तुटलीय," म्हणाले.

"दुसरी असते की पेटीत."

"नाही या वेळी. तू गा. आज नुसती तू."

लोकांसमोर काय बोलणार? गायले, साथीशिवाय. वारा होता, आवाज टेकडीवरून खाली ओढ्याकडे गेला. बायका रडल्या. डॅडी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

पण मला राग आला, खरंच आला. मी तिकडे यांच्या फिडलसाठी सगळ्यांशी वैर घेतेय, आणि इथे आईसमोर यांना एक तार लावायचा कंटाळा! परत येताना गाडीत मी रेडिओच लावून ठेवला. घरी कॉफी ओतताना डॅडींकडून बशीत सांडली, तर मीच पुढे होऊन कप घेतला, जरा जोरातच.

म्हातारे झालेत. चिडायला नको होतं.

२५ मे

निघताना डॅडी गाडीपाशी आले. "त्या शहरवाल्या बाईला हो म्हण," म्हणाले. "माझं ऐक पोरी." मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, मुळीच नाही.

२९ मे

आज टीव्हीच्या कार्यक्रमाची तालीम. डॅडी एवढ्या लांब येणार नाहीत म्हणून वेल्डनने गार्लंडला बोलावलं. अर्ध्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डवर याचं फिडल असतं. म्हटलं, वाजवील बरं, पण ते लंगडणं कुठून आणणार?

त्याने गज टेकवला. आणलं! तेच. तसंच्या तसं.

मी गायचं विसरले. विचारलं, हे कुठे शिकलास?

त्याने वेल्डनकडे पाहिलं. वेल्डनने माझ्याकडे.

"तुला माहीत आहे असं वाटलं मला," गार्लंड म्हणाला. "हर्शेलकाकांनी शिकवलं. मोटेलात. आठवडाभर घोटून घेतलं माझ्याकडून, तोंडाने म्हणून म्हणून. बोटं ऐकत नाहीत म्हणाले, थरथरतात. रेकॉर्डवर मीच आहे. तिला आईची सुरावट नीट मिळाली पाहिजे, एवढाच धोशा होता त्यांचा."

बाहेर जाऊन पायरीवर बसले. तार तुटलीय! आणि मी कप हिसकावून घेतला.

३० मे

मार्गोला कळवलं. फिडल राहणार. "मग शहरं विसर," म्हणाली. विसरले.

मग डॅडींना फोन. गार्लंडचं नाव काढलं नाही. म्हटलं, तुमचं फिडल ठेवायला लावलं मी, गाणं जिथे वाजेल तिथे तेच वाजणार.

डॅडी म्हणाले, "जेवलीस का?"