झटका आला की बसला

प्रिय धाकटे,

दगड म्हणालीस मला. अख्ख्या नात्यात सांगत सुटलीस की थोरली म्हणजे दगड, माझा नवरा मरणाच्या दारात आणि हिला मोजे सुचतात. दोन महिने झाले, फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस. मी चौथी शिकलेली बाई, लिहायला बसले की अक्षर उताराला लागतं, तरी लिहितेय, कारण तोंडाने ऐकून घ्यायची तुझी तयारी नाही. लहानपणापासून तशीच तू. आधी भोकाड पसरायचं, मग विचारायचं काय झालं. आता शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर दुसरं लिहायचा दम माझ्यात नाही.

मी झाडलोट करते ती जिम तू पाहिलेली नाहीस. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली, तिन्ही भिंतींना आरसे, आणि खिडकीकडे तोंड करून सहा चालायची मशीनं. खाली पट्टा फिरतो आणि वर माणूस जागच्या जागी चालतो. हे लोक लिफ्टने वर येतात आणि वर येऊन चालतात. जिना बिचारा रिकामा. देव अक्कल वाटत होता तेव्हा ही मंडळी चाळण घेऊन रांगेत उभी असणार.

तर थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, मालकाने हीटर लावले, आणि झटके सुरू झाले. चालून झालं, लोखंडी दांड्याला हात लावला, की चट्‌. फार काही नाही गं, लाल मुंगी चावल्यासारखं. पण एक पैलवान येतो आमच्याकडे, दंड माझ्या मांडीएवढे, तो असा किंचाळायचा की मला वाटायचं लिफ्टमध्ये कुणाची बोटं अडकली. मेकॅनिक तीनदा आला. प्लग बदलला, अर्थिंग तपासलं, मशीन ठीक आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मालकाने भिंतीवर कागद चिकटवला की आपापल्या जबाबदारीवर चालावं. मग चिकटवूनही झटके थांबेनात तेव्हा माझ्यावर घसरला. म्हणे मावशी, तुम्ही फरशी फार ओली पुसता. अरे शहाण्या, ओलं राहिलं असतं तर झटका बसलाच नसता!

हे मला कसं ठाऊक? आता खरं सांगते. तुझ्या नवऱ्यामुळे. माझा कामाचा ड्रेस त्याच्याकडे शिवायला टाकला होता तेव्हा शिंपीबुवा कात्री बाजूला ठेवून प्रवचनाला बसले होते. ताई, हे कापड नायलॉनचं, कोरड्या हवेत घासलं की वीज धरतं, मग लोखंडाला हात लावला की ती अंगातून उडी मारते. आत सुती घाला, हात कोरडे ठेवू नका, आणि लोखंडाला बोटाआधी किल्ली टेकवा, म्हणजे ठिणगी किल्लीवर जाते, आपल्याला कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, तुमची कात्री कमी चालते आणि जीभ जास्त. तो हसला. त्याला अपमान झालेलाही कळत नाही, असा माणूस. पण मी ऐकून ठेवलं होतं.

मी हीटरपाशी पाण्याची घमेली ठेवली. रोज प्लग काढून पट्ट्याखालची धूळ पुसायला लागले. वीज जमिनीत उतरवणारी चटई मिळते, ती मालकाच्या मागे लागून प्रत्येक मशीनखाली घालायला लावली. आणि एकेकाला दम भरला की ही चकचकीत विजार आणि नायलॉनचे मोजे घरी ठेवा, सुती घाला, हाताला क्रीम चोळा, चालताना एक हात दांड्यावरून काढू नका, काढलाच तर आधी किल्ली. आठ दिवसांत झटके बंद. मालकाने जुना कागद फाडून नवा लावला, झटक्याची तक्रार मावशींना सांगा. घरी मशीन घेतलेले लोकसुद्धा मला फोन करून विचारायला लागले. मोठमोठे साहेब, चौथी पास बाईला. मी खोटं नाही बोलणार, मला ते आवडलं. शिंप्याने शिकवलं हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि त्यातच तुझा फोन आला. माझा फोन कपाटात, म्हणून तू जिमच्या नंबरवर केलास. काउंटरवरची पोरगी, कानात बोंडं घालून बसणारी, तिला तू काय म्हणालीस आठव. "तिला विचारा, ह्यांना झटका आलाय, काय करू?" ह्यांना! ह्यांना म्हणजे कुणाला? जगातल्या निम्म्या बायकांचे नवरे "हे"च असतात. तुझं नाव नाही, त्याचं नाव नाही, नुसतं रडणं. आणि त्या पोरीला आलाय आणि बसलाय यातला फरक कुठला कळायला? झटका काळजाला येतो आणि विजेचा बसतो, हे तिच्या आईने कधी शिकवलं नसावं. सहाही मशीनं धडधडत होती, तिने तिथूनच हाक मारली, मावशी, कुणा बाईच्या नवऱ्याला झटका बसलाय, काय करू विचारतेय. माझ्या हातात बादली. मी मान वर न करता म्हटलं, सुती मोजे घालायला सांग, हाताला क्रीम चोळ म्हणावं, आणि रडू नकोस म्हणावं, एवढ्याशा झटक्याने कुणी मरत नाही.

तेवढंच नेमकं तिने पोपटासारखं तुला ऐकवलं.

मला चार दिवसांनी कळलं, तेही तुझ्या जावेकडून. दवाखान्यात आले तर तू कॉटभोवतीचा पडदा ओढलास. पडद्याखालून त्याचे पाय दिसत होते. मोजे सुतीच होते. मी परत गेले. पोरीचा कान कच्चा, तुझ्या तोंडी नाव नाही, सगळं खरं, पण शेवटचं वाक्य पोरीने घातलेलं नाही. ते माझं होतं. ज्याच्या अकलेवर मी मिरवत होते त्याच्याच बायकोला ते ऐकवलं. झालं, लिहिलं. पुन्हा लिहायला लावू नकोस.

आता पत्राचं कारण. डॉक्टरने त्याला रोज वीस मिनिटं सपाटीवर चालायला सांगितलंय. तुमच्या गल्लीला तर नुसता चढ. तो तिसऱ्या खांबापाशी थांबतो, खांब धरतो, इकडेतिकडे बघत कुणाची तरी वाट बघतोय असं सोंग करतो आणि मागे फिरतो. हे मला कसं ठाऊक ते विचारू नकोस. आमची जिम दुपारी दोन ते तीन रिकामी असते. मालकाला म्हटलं, त्या वेळेत कोपऱ्यातलं मशीन मला हवं, नाहीतर उद्यापासून झटके तुम्ही सांभाळा. हो म्हणाला. ते मशीन मी आठ दिवस स्वतः चालून पाहिलंय, या गुडघ्यांनी, वेगवेगळे मोजे घालून, किल्ली न टेकवता. एकदाही चट्‌ झालं नाही. त्याच्या काळजाला दचकायलासुद्धा लागू नये, म्हणून. डॉक्टरला मशीनचं विचारून घे आणि तशी चिठ्ठी घेऊन ये. मी शेजारी उभी राहीन. त्याला बडबडायचं असेल तर बडबडू दे, मी ऐकेन.

मालकाने शुक्रवारपासूनची वेळ दिलीय, नाहीतर पैलवान टपलाच आहे. म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. जिमच्या नंबरवर फोन केलास तर "हे" म्हणू नकोस. नवऱ्याचं नाव घे, जीभ झडत नाही. आणि तुझंही सांग.

तुझीच,
थोरली