वीस चौकोन

शनिवार, चार तारीख

ति. ताईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईला सातवा लागला असेल ना? फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्कच आहे, म्हणून पत्र.

'सगळं ठीक' हे सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण ठीक काहीच नाही.

माझ्या ठकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिच्यासारख्या ऑटिझम असलेल्या मुलांसाठी तिथं मदतकक्ष आहे, तुला माहीत आहे. तिथल्या बाई दर आठवड्याला एक कागद देतात. वीस कामं, पुढे वीस चौकोन. स्वतःहून उठले, कपडे धुतले, बसनं गेले, अनोळखी माणसाकडे मदत मागितली, असं सगळं. जे एकटीनं केलं, तिथं मुलांनी खूण करायची. खाली पालकांची सही. खुणा वाढतील तशी कक्षानं सोबत फिरायला दिलेली सोबतीण कमी करतात, आणि शेवटी ग्रंथालयात नोकरी, राहायला स्वतःची खोली.

ताई, दोन वर्षं तो कागद मी भरते आहे.

"तू तिला जपत नाहीस, पांगळी करते आहेस," असं तू म्हणालीस आणि मी तुला दार दाखवलं. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा वीसच्या वीस चौकोन भरले. तुला खोटं पाडायचं होतं, दुसरं काय! मग ठकीच्या वसतिगृहासमोरच्या गल्लीत खोली घेतली. ह्यांना सांगितलं, परीक्षेपुरती. ठकीचे कपडे मी धुवायची. बसमध्ये दोन बाकं मागे बसायची आणि ग्रंथालयाचा थांबा आला की घसा खाकरायची. मी खाकरले की ठकी उठायची. बाई विचारायच्या, "कपडे धुऊन झाले?" ठकी म्हणायची, "झाले." तिला खोटं बोलता येत नाही आणि विचारल्यापेक्षा जास्त ती सांगत नाही. झाकली मूठ राहिली. सोबतीण काढून घेतली, तेव्हा मी चक्क पेढे वाटले.

गेल्या बुधवारी न्हाणीघरात घसरून माझा पाय मोडला. फोनवर म्हटलं, "आज जाऊ नकोस गं." पण बुधवारी ठकी ग्रंथालयात जाते म्हणजे जातेच.

बसमध्ये कुणी खाकरलं नाही. ती उठली नाही. शेवटचा थांबा गेला, बस आगारात जाऊन उभी राहिली, दिवे बंद झाले. झाडायला आलेल्या माणसाला ती सापडली, तेव्हा ती खिडकीच्या काचेवर कपाळ आपटत होती. तीन टाके पडले.

आता बाई म्हणतात, "इतकी चांगली चाललेली मुलगी अशी कोसळली, म्हणजे तिला हे झेपत नाही. तिला घरी न्या." येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बैठक आहे, तिथं नाव कमी होईल. मी खरं सांगितलं तर सोबतीण परत मिळेल, ठकी पहिल्यापासून शिकेल. मला कदाचित फाटकात उभं करणार नाहीत. गप्प बसले तर ती जन्मभर माझ्यापाशी. आणि माझ्यानंतर कुणापाशी, ताई? रात्रंदिवस हाच एक विचार, डोकं फुटायची वेळ आली आहे.

आणखी एक सांगते, ते वाचून थुंकलीस तरी चालेल. बाई 'घरी न्या' म्हणाल्या, तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं.

काल मी कोरा कागद ठकीपुढे ठेवला. म्हटलं, तूच भर. तासभर लागला. तीन खुणा केल्या. दात घासले. औषध घेतलं. मदत मागितली.

"ही मदत कधी मागितलीस गं?"

"बसमध्ये. झाडणाऱ्या काकांना म्हटलं, मागे माझी आई आहे का, बघता का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते नाही म्हणाले. खूण बरोबर आहे ना?"

मी हो म्हटलं. ताई, दोन वर्षांतली ही पहिली खरी खूण, आणि ती मी नव्हते म्हणून झाली.

कागद सोबत घातला आहे. माझ्याजवळ ठेवला तर उरलेले सतरा चौकोन मी भरीन. आत्ताही हात शिवशिवतोय, माझा भरवसा नाही. शुक्रवारी तूच तो घेऊन ये आणि बाईंच्या हातात दे. मी माफी मागायला लागले तर मला थांबव, गप्प बसले तर तू बोल. माझ्यासाठी येऊ नकोस, तेवढं तोंड मी ठेवलेलं नाही. ठकीसाठी ये.

सहीची जागा कोरी ठेवली आहे. ती तुझ्यासमोर करीन.

तू म्हणालीस तेच केलेली,
तुझी धाकटी