शिडीची अकरा मतं

गुरु. २४ मे ७९
सेलूहून आत्ताच आलो. झेडपीची मतमोजणी आटोपली. मोठा पक्ष निवडून आला, येणारच होता, गेली तीस वर्षं तेच चाललंय. (पक्षाचं नाव इथे लिहीत नाही. मो.प. म्हणतो. डायरी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.)

टेबलावर गावागावाची पेटी वेगळी उघडतात. आमच्या गावची उघडली: मो.प. ६१३. अपक्ष गुरुजींच्या शिडीच्या खुणेला ११.

आमचे सरपंच दा.सा. माझ्या शेजारीच उभे. माझे चुलत चुलते. त्यांनी तालुक्याच्या पुढाऱ्याला शब्द दिला होता, आमच्या गावात एक मत फुटणार नाही. पुढारी हसून म्हणाला, "दादासाहेब, अकरा." बस, एवढंच. ते तोंड बघण्यासारखं झालं होतं.

येताना ट्रॉलीत कोणी कोणाशी बोललं नाही. निवडून आलेल्या पक्षाची ट्रॉली, आणि मयतीहून परतल्यासारखे सगळे.

अकरातलं एक माझं. बाकी दहा कोण? मनातल्या मनात हसू येत होतं, तोंड मात्र लांब ठेवलं.

शुक्र. २५ मे
गुरुजी म्हणजे सेलूचे रिटायर्ड मास्तर. पक्ष नाही, पैसा नाही. देवगाव फाट्यावर हॉटेलच्या बाकड्यावर उभं राहून बोलले. वीसेक माणसं ऐकायला. म्हणाले, विद्यापीठाचं नाव बदलावं असं मला वाटतं, मत द्या न द्या, मी लपवणार नाही. आणि नावावरून ज्यांनी गरिबाची घरं जाळली त्यांनी आधी आपल्या आईला विचारावं, मी चांगलं केलं का म्हणून.

गेल्या साली आमच्या गावातही बौद्धवाड्यातली चार घरं जळाली. कोणी जाळली ते सगळ्यांना ठाऊक. त्यातले दोघे माझ्या भावकीतले आहेत, लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसतात.

मी ते भाषण उभ्या ट्रकच्या आडून ऐकलं. कोणी बघू नये म्हणून. शिक्का मात्र शिडीवरच मारला. तेवढीच काय ती मर्दुमकी.

शनि. २६ मे
दा.सा.नी चावडीवर बोलावलं. म्हणाले, "शोधायची गरज न्हाई. अकराच्या अकरा मतं बौद्धवाड्यातलीच हायत. नामांतरवाल्याला दुसरं कोण देणार?" सगळ्यांनी माना हलवल्या.

मी मतदानाच्या दिवशी रांगेत होतो. नऊ वाजता वाड्यातला नामदेव आला, बरोबर त्याची बायको आणि म्हातारी. दारात दा.सा.चा पुतण्या. "तुमचं झालंय. जा घरला." नामदेव म्हणाला, "झालंय म्हंजी? आमी तर आत्ताच यायलोत." "झालंय म्हटलं ना." त्यांच्यामागं वाड्यातली दहाबारा माणसं होती, तीही तशीच वळली. साऱ्या वाड्याची मतं सकाळीच दा.सा.च्या माणसांनी शिक्के मारून पेटीत टाकली होती.

म्हणजे वाड्याचं एकही मत शिडीला जाणं शक्य नाही. वाड्याची सगळी मतं ६१३ मध्ये आहेत. हे दा.सा.ना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. रांगेतल्या प्रत्येकाला माहीत. आणि तीच माणसं आज माना हलवत होती.

मान मीही हलवली. लिहितोच आहे तर तेही लिहितो.

सोम. २८ मे
आज खंडोबाच्या देवळात बेलभंडार.

दा.सा.ची अक्कल. गावातल्या प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानं बेलाचं पान आणि भंडारा हातावर घेऊन सांगायचं, माझ्या घरचं मत मो.प.लाच पडलं. गाव एकदा स्वच्छ निघालं की उरला वाडा. वाड्यातल्यांना बोलावलंच नाही, कारण त्यांना देवळात घेत नाहीत. ज्यांच्यावर आळ त्यांनाच शपथ घ्यायची बंदी. असा न्याय.

एकेक जण पुढे जात होता. पुजाऱ्यानं तळहातावर ठेवायचं, माणसानं बोलायचं, कपाळाला लावून मागे सरायचं. म्हातारा गणपतअण्णा तर रडलाच, म्हणाला देवा मी सत्तर वर्षं इमानानं. त्याच्यावर कोणाचा संशयही नव्हता.

माझं नाव आलं. वाटलं होतं, हात पुढे करणार नाही. दा.सा. माझ्याकडेच बघत होते. हात पुढे झाला. पान ओलं होतं. बोललो.

देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही. बाप मात्र बेल उचलून कधी खोटं बोलला नाही. जमिनीच्या वादात दोन एकर गेले तरी नाही.

घरी आल्यावर कौ. म्हणाली, "हाताला भंडारा हाय, धुवून घ्या, मग जेवा." जेवलो नाही. कौसल्या म्हणजे माझी बायको, सोळा वर्षांच्या संसारात मला उपाशी उठताना तिनं फारदा पाहिलेलं नाही. तिनं ताट नुसतं झाकून ठेवलं. तेच जास्त लागलं.

बुध. ३० मे
वाडा बंद केला. दवंडी नाही, कागद नाही, नुसतं सांगून. कामाला बोलवायचं नाही. गिरणीत दळून द्यायचं नाही. दुकानात मीठसुद्धा नाही. पेरणी आठ-दहा दिवसांवर आलीय आणि हे.

शेतात गेलो तर नामदेव बांधावर बसलेला. माझी पेरणीची तिफण आजवर त्यानंच धरली. त्याच्या हातची ओळ सुतासारखी पडते, मला जमत नाही.

"मालक, येऊ नगं म्हणून सांगितलंय. बसलोय नुस्ता."

मी म्हणालो बस.

त्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं. "शाई बी लागली न्हाई हो ह्याला. मत दिलं असतं आन् मग मार खाल्ला असता तर काई वाटलं नसतं. न दिलेल्या मताचा मार खायलोत."

मी बांधावरचं गवत उपटत राहिलो.

"तुमी बी बेल उचलला म्हणं."

हो म्हणालो. त्यानं मान डोलावली, उठला, धोतर झटकून वाड्याकडे गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गुरु. ३१ मे
गावाचा राग येतो. दा.सा.चा येतो. तीस वर्षं एकाच खुणेवर शिक्का मारून मारून या माणसांचे हात दुसरीकडे वळतच नाहीत, आणि कोणाचा वळला तर तो मोडायचा. आमच्याकडे त्याला एकी म्हणतात. एकी कसली, भीती आहे ती, पाटावर बसवून पूजलेली.

सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो तो हे लिहितोय.

सध्या दुसरं काही सुचत नाही.

शनि. २ जून
गेलो. चावडीवर पंधरा-वीस जण होते. उभा राहून म्हणालो, "दादा, अकरातलं एक मत माझं हाय. वाड्याचं न्हाई. वाड्याला तुमी मत देऊच दिलं न्हाई, मी डोळ्यानं बघितलंय."

वाटलं होतं अंगावर येतील. दा.सा.नी पानाचा देठ खुडला, शांतपणे विचारलं, "सोमवारी देवळात काय म्हणालास?"

"खोटं बोललो."

"बेल हातात घेऊन खोटं बोललास. मग आता नुस्त्या हातानं खरं बोलायलास हे कशावरून धरू मी?"

लोक हसले. गणपतअण्णा, तो रडलेला, तोही हसला.

मग दा.सा. म्हणाले, "वाड्यावाल्यानं पढवलंय ह्याला. नामदेवासंगं बांधावर बसला व्हता बुधवारी. बरं, तुझं एक धरू. बाकीची दहा आण. माणसं उभी कर हितं. वाडा उद्यापासून मोकळा."

कोण येणार? सगळ्यांनी बेल उचललाय. माझी गत डोळ्यांनी बघितली सगळ्यांनी. शपथ घ्यायला लावून दा.सा.नी खऱ्याचीच वाट बंद केली, आणि त्या वाटेवर पहिला दगड मी ठेवलाय.

रवि. ३ जून
कौ. दुपारी ज्वारी निवडत बसली होती. काल चावडीवर काय झालं ते तिला शेजारणीकडून आधीच कळलेलं. मान वर न करता म्हणाली, "दहा न्हाईत. नऊ हायत."

मला कळायला वेळ लागला. "तू?"

"का? माझा शिक्का चालत न्हाई?"

मी चिडलोच. मला का सांगितलं नाहीस म्हणालो.

"तुमी सांगितलं व्हतं का मला?"

पुढे म्हणाली, "बेल बाप्यांच्याच हातात दिला. बायकांना कुणी इचारलं? घरच्या मालकानं सांगितलं की झालं, बायकूचं मत म्हंजी त्याच्याच पिशवीतलं."

खरंच आहे. दा.सा.च्या अकलेत ते आलं नाही. माझ्या अकलेत तरी कुठे आलं होतं? दहा दिवस मी दहा पुरुष शोधत होतो मनात.

गुरुजींचा नामांतराचा मुद्दा पटला म्हणून ना? मी विचारलं. ती म्हणाली, ते मला लय कळत न्हाई. गुरुजींची बायको नर्सबाई. आमच्या गावातली निम्मी बाळंतपणं तिच्याच हातची. आमचा धाकटा पोटात आडवा होता तेव्हा ती बैलगाडीत बसून आली, कौ.ला तिनं वाचवलं. "तिच्या मालकाला मत मागायची येळ आली न्हाई माझ्याकडं. मीच जाऊन दिलं." नदीवर धुणं धुताना बायका आपसात बोलल्या होत्या म्हणे. एवढंच. सभा नाही, भाषण नाही.

मला एकदम जोर चढला. म्हणालो, चल, सगळ्यांना घेऊन जाऊ चावडीवर, दा.सा.च्या तोंडावर उभ्या करू. वाडा उद्याच मोकळा.

तिनं सूप खाली ठेवलं. "नेता? मग एक नाव ऐका आधी. शालन."

शालन म्हणजे दा.सा.ची थोरली सून.

"मागल्या साली तिच्या नवऱ्यानं चुलीतलं लाकूड घातलं तिच्या डोक्यात. टाके नर्सबाईनं घातले. गावाला सांगितलं, पाय घसरून पडली. आता सांगा. नेता का तिला चावडीवर?"

सोम. ४ जून
दा.सा.चा निरोप. त्यांचा पुतण्याच आला, तोच, मतदानाच्या दिवशी दारात उभा होता तो. "दादा म्हणायलेत, बाकीच्यांची नावं सांग, माणसं उभी करायची बी गरज न्हाई. उद्या सांजेपर्यंत. न्हाई तर वाडा तसाच ऱ्हाईल आन् तुझ्या शेतात बी कोण येणार न्हाई."

म्हणजे त्यांना वास लागलाय. मी काल घरातून बाहेर पडताना तोंडावर काहीतरी दिसलं असणार.

संध्याकाळी वाड्याकडे चक्कर मारली. नामदेव घरावरचे पत्रे सोडवत होता. गुरुवारी देवगाव फाट्याहून ट्रक आहे, खडी फोडायच्या कामावर सोळा घरं जायलीत. पेरणीच्या तोंडावर. "हितं बसून काय खावं?" म्हणाला. त्याच्या म्हातारीला ट्रकचा प्रवास झेपणार नाही, तिला मागे ठेवणार. दळण कोण देणार तिला? मी देतो म्हणालो. नामदेवानं माझ्याकडे बघितलं नाही.

नावं सांगितली तर वाडा राहतो आणि नऊ घरांत बायका मार खातात. नाही सांगितली तर बायका राहतात आणि वाडा जातो. दा.सा.नी आपल्या अंगावर काहीच ठेवलेलं नाही. सगळं माझ्या जिभेवर आणून ठेवलं. हाच त्यांचा धंदा. निवडणूक काय, सोयरीक काय, बांधाचं भांडण काय, प्रत्येक वेळी दुसऱ्यानंच दुसऱ्याचा गळा धरायचा आणि यांनी मध्ये बसून पान खायचं.

कौ.ला म्हणालो, आपली दोन धरून तुझंच नाव सांगू का? ती म्हणाली, सांगा, मला भ्या न्हाई. मग तिनंच पुढचं सांगितलं. एका बाईचं नाव फुटलं की घराघरात बाया तपासतील. ज्यांनी मो.प.ला दिलं त्यासुद्धा मार खातील.

मंगळ. ५ जून
तीन वाजलेत. पुतण्या सांजेला येणार.

मघा शालन आली होती. भर दुपारी, गल्लीत कोणी नसताना. पदराखाली चाळण, पीठ चाळायची चाळण परत द्यायला जाते असं घरी सांगून आलेली. आमची चाळण नव्हतीच ती.

ओसरीवर खांबाला टेकून उभी राहिली, बसली नाही. मला वाटलं नाव घेऊ नका म्हणून हातापाया पडायला आली. मी आधीच म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका. मी कुणाचंबी नाव घेणार न्हाई."

"ते सांगायला आले न्हाई भाऊजी." आवाज अगदी साधा. "वाड्यातली एक म्हातारी काल मीठ मागायला आमच्या मागच्या दारी आली व्हती. मामंजींनी हाकललं. म्या बघितलं."

कौ. तिच्याजवळ गेली.

"नाव घ्यायचं असलं तर घ्या. फकस्त दोन दिस द्या मला. पोरीला चुडाव्याला आईकडं सोडून येते. तिच्यासमोर नगं. परत आले की घ्या."

मी म्हणालो, दोन दिवसांनी वाडा रिकामा झालेला असेल.

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "मग उद्याच्या गाडीनं जाते. सांजच्याला परत येते. तेवढं तरी थांबा."

चाळण विसरून गेली. कौ. तिच्यामागं पळाली, हातात दिली.

मी अजून हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. कौ. समोर बसलीय. पुतण्याला एक दिवस मागून घ्यावा लागेल. कशासाठी मागतोस म्हणून त्यानं विचारलं तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.