बारकीसाठी टाकलेला शब्द

ता. २ मार्च

ती. बाबांस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणता, फोनवर मी नीट काही सांगत नाही, म्हणून आज ऐसपैस लिहिते. माझ्या मास्टर्सच्या मधल्या वर्षी कंपनीत काम करायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती इंटर्नशिप विद्यापीठ देत नाही, ज्याची त्यानेच शोधायची. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली. मी इतके अर्ज केले की आता स्वतःचं नाव टाइप करायचाही कंटाळा येतो. मुलाखतीत समोरचा हसून बघतो आणि माझी दातखीळ बसते. झोप उडाली आहे, घास उतरत नाही.

पण परवा एका मोटरींच्या कारखान्यात बरं गेलं. त्यांनी फार प्रश्न न विचारता जळालेली मोटर पुढ्यात ठेवली. मी ती उघडून कॉइल कुठे जळाली ते दाखवलं. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, जवळजवळ पक्कं समज, लवकरच कळवतो. बाबा, हेही हुकलं तर माझ्यापुढे दुसरं काही नाही. इंटर्नशिप नसेल तर मला साध्या, आखूड कोर्सात टाकतील. इथे परदेशात राहायची परवानगीही तेवढ्यावर संपेल, आणि अनुभव नसलेल्याला कुणी दारात उभं करत नाही.

कारखान्याचं माहितीपत्रक सोबत पाठवते, यंत्रांची चित्रं बघून तुम्हाला मजा वाटेल. आत्याला नमस्कार. आपल्या दुकानातल्या वॉर्निशच्या वासाची आठवण येते. खोटं वाटेल, पण येते.

तुमचीच,
बारकी


ता. १० मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि माहितीपत्रक पोचलं. यंत्रं झकास आहेत, पण तुझा जीव असा टांगणीला लागलेला वाचून मला दुकानात बसवेना. आपल्या मोटर-वाइंडिंगच्या धंद्यात कुणाला उमेदवारीला ठेवायचं तर घरचं मोठं माणूस जाऊन शब्द टाकतं. माझ्यासाठी काकांनी टाकला होता. तुझ्यासाठी कोण टाकणार? म्हणून तुला तिकडची भाषा शिकवणाऱ्या शिकवणीवाल्या सरांना शेजारी बसवलं आणि माहितीपत्रकावरचा नंबर बघून त्या बाईंना थेट फोन लावला. मी सांगत गेलो, सर त्यांच्या भाषेत घालत गेले. म्हटलं, पोरगी लाजाळू आहे, चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण हात सोन्याचा आहे. वर्षभर पगार देऊ नका, चुकली तर खुशाल कान उपटा, आमची तक्रार नाही. बाईंनी सगळं गप्प ऐकून घेतलं आणि शेवटी आभार मानले. कमी बोलणारं माणूस कामाचं असतं.

आता निर्धास्त झोप. तुझी आत्या म्हणते, मी नको तिथे नाक खुपसलं. तिचं काय मनावर घ्यायचं, ती मला लहानपणापासून हेच ऐकवते आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे बाबा


ता. १९ मार्च

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र आज मिळालं आणि सगळा उलगडा झाला. कारखान्याने मला गेल्याच आठवड्यात नकार कळवला होता. का, ते आमच्या प्राध्यापकांनी विचारून घेतलं. बिनपगारी काम विद्यापीठ इंटर्नशिप म्हणून धरत नाही. पगार नको असा घरून फोन येतो, म्हणजे मुलीवर घरच्यांचा दबाव असणार, असं कारखान्यातल्यांना वाटलं. शिवाय जिला चारचौघांत बोलता येत नाही असं तिचे वडीलच सांगतात, तिला गिऱ्हाइकासमोर उभं कसं करायचं? ती जागा त्यांनी दुसऱ्याला दिली.

बाबा, मी लाजाळू आहे हे त्यांना कळलं नव्हतं. आरशापुढे उभी राहून राहून मी ते लपवायला शिकले होते, आणि तुम्ही एका फोनात सांगून मोकळे झालात. महिनाअखेर मुदत आहे आणि एकच मुलाखत उरली आहे. हात जोडते, यापुढे माझ्यासाठी कुणाशीही बोलू नका. एक शब्दही नको.

बारकी


ता. २८ मार्च

चि. बारकीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र त्याने दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. तेव्हापासून घरात आवाज काय तो माझाच. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की हा बोटाने जागा दाखवतो. काल तर एका पंपाच्या मोटरीत कॉइल उलटी भरली. आजवर असं कधी झालं नव्हतं. तुझा फोन आला की तो माझ्या हातात देतो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. जेवताना मी डिवचून पाहिलं, म्हटलं, माझा बोलघेवडा भाऊ कुठे हरवला? तर एवढंच म्हणाला, "मी बोललो की तिचं बिघडतं."

तू चिडलीस ते बरोबरच. मीही त्याची चांगली खरडपट्टी काढली होती. पण आता मला त्याच्याबद्दल भीती वाटते गं. मुलाखतीचं काय झालं ते मला नको, त्यालाच लिही.

तुझी आत्या


ता. ६ एप्रिल

ती. बाबांस,
बारकीचा सा. न. वि. वि.

मुदत संपली. शेवटच्या मुलाखतीत ते म्हणाले, स्वतःबद्दल थोडं सांगा. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने मुलाखत घेणाऱ्या माणसानेच उठून दार उघडलं. तिथे तुमचा फोन गेला नव्हता बाबा, कुणाचाच गेला नव्हता. काल विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन साध्या कोर्सासाठी सही करून आले. सप्टेंबरात परत येईन. पदवी असेल, तिच्या जोरावर काय मिळेल ते मला माहीत नाही. वर्गातली मुलं कामावर रुजू व्हायच्या गोष्टी करतात, म्हणून मी ग्रंथालयात मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. कित्येक दिवसांत मी कुणाशी एक धड वाक्य बोललेली नाही. कधी कधी वाटतं, मला आवाज आहे हेच मी विसरेन.

फोन करून तुम्ही चूकच केलीत. तसं नाही म्हटलं तर ते तुम्हालाही पटायचं नाही. पण माझं आता बिघडायचं काही शिल्लक नाही, तेव्हा बोला. रागवा, उपदेश करा, गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगा, काहीही चालेल. मी रविवारी फोन करीन. तो आत्याच्या हातात देऊ नका.

लोभ असावा ही विनंती, असं पत्राच्या शेवटी लिहायची रीत आहे म्हणून सगळेच लिहितात. मी खरोखर विनंती करते आहे.

तुमची बारकी