सरकारी लाकूड

आये, आज ऑफिसात खर्डीकडची एक बाई आली होती. रस्त्याकडेचं शिरीषाचं झाड तिच्या अर्ध्या घरावर आडवं झालंय. दोन खात्यांचे उंबरे झिजवून ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आधी झाड कुणाचं ते ठरू दे." बोलले आणि तू आठवलीस.

आपला आंबा पडला तेव्हा ना वारा होता ना पाऊस. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली नवी घोंगडी तू उन्हात टाकतेयस, आणि मुरबाड रस्त्याकडेचा तो आतून पोखरलेला आंबा स्वयंपाकघरावर येऊन बसतो. कौलं, वासे, भांड्यांची फळी, सगळं एकदम. चूल तेवढी वाचली. त्याच्या कैऱ्यांचा लिलाव दरवर्षी पंचायत करायची, फांदीला हात लावला तर रस्तेवाले ओरडायचे. पडल्यावर मात्र तो कुणाचाच नव्हता. असतील शितं तर जमतील भुतं, ते झाडांनाही लागू आहे. फक्त एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, पंचनामा होईपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही. मग तू भोकावर ती घोंगडी बांधलीस आणि खोडाला वळसा घालून भाकऱ्या भाजत राहिलीस. होळी गेली, पावसाची आगोट जवळ आली. "पाऊस लागला तं चूल कुठं पेटवू गो?" शिकलेली म्हणून तू मलाच विचारायचीस. मी नुसती अर्जावर अर्ज लिहीत होते.

एका सकाळी तू कुऱ्हाड घेतलीस आणि फांद्या तोडून चुलीत घालायला लागलीस. मी घाबरून म्हणाले, "आये, गुन्हा लागंल." "लागू दे," तू म्हणालीस, "निदान कोन तरी येल." आणि आले की. इतके दिवस आपल्या घराची वाट न सापडलेले साहेब जीप घेऊन, सरपंचांना शेजारी बसवून दारात हजर. "बाई, सरकारी लाकूड जाळलंत तुम्ही." तू आधी त्यांना पाणी दिलंस, मग पदर खोचलास. "सरकारी हाय ना? परत सांगा. सरपंच भावजी, तुमी पन ऐका." साहेबांनी बिचाऱ्यांनी परत सांगितलं. "मंग तुमच्या झाडानं माझं घर मोडलंय. लाकूड न्या, नि माझं छप्पर द्या." सरपंचांनी खोकल्याच्या निमित्ताने हसू दाबलं. शेवटी तडजोड झाली. गुन्हा लावायचा नाही, आणि कुठल्याशा पाडलेल्या सरकारी इमारतीची जुनी कौलं आपल्याला द्यायची. वाशांचं काही निघालं नाही, ते मामाने दिले. छप्पर पुढेही गळायचं, पण तू होतीस तोवर चूल कधी भिजली नाही.

आता मी टेबलाच्या त्या बाजूला आहे. इथली माणसं वाईट नाहीत गो. झाड आपलं म्हणेल त्याच्या गळ्यात ते पडतं, म्हणून कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. थकलेय मी 'आधी झाड कुणाचं' या एका वाक्याने. ती बाई पायऱ्या उतरत होती, तेव्हा माठाकडे जायचं निमित्त करून मी तिच्या मागे गेले. विचारलं, "ताई, घरात सरपण हाय का?"

"नाय वो."

"मग त्याच्या फांद्या तोडा आणि जाळा. सगळ्यांना दिसंल अशा जाळा. जो कोण ओरडायला येईल, त्याला चार माणसांत विचारा, झाड कुणाचं."

ती "बरं" म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेली.

हे लिहिलंय खरं, पण तुला कुठे पाठवणार, आणि ठेवूनही चालायचं नाही, नोकरी आहे. थोड्या दिवसांत तिच्या दारात जीप जाईल, आणि बहुधा मलाच पाठवतील. ती विचारेल. मी सरकारचं म्हणून सांगेन, परत सांग म्हणाली तर परत सांगेन. पण आये, तुला म्हणून सांगते, मला भीती वाटतेय.