माइकला ऐकू येणारे पोट

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
काल स्टुडिओत जे घडले ते कोणत्याही कलाकाराच्या बाबतीत घडू शकते. आमच्याकडे पुस्तके वाचून रेकॉर्ड केली जातात. दोन वर्षे मी वाचकांच्या कागदांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो. काल प्रथमच स्टुडिओच्या मालकीण मॅडमनी मला माइकसमोर बसवले. ‘ती दार उघडते. घरात कोणी नसते.’ एवढे वाचून परिणामासाठी थांबलो आणि त्या शांततेत माझे पोट बोलले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, घरात कोणीतरी आहे वाटतं.

मॅडम हसल्या नाहीत. वीस तारखेला पुन्हा चाचणी. पास झालो तर कायमचा वाचक. नाही तर महिनाअखेर घरी, कारण चुका आता कॉम्प्युटर काढणार.

औषध घेणार नाही. पोट नैसर्गिक मार्गाने सुधारायचे. मोबाइलवर पाच लेख वाचले. पोटात चांगले जंतू वाढवले की वाईट आपोआप कमी होतात. लेखांत तीन महिने लागतात असे आहे, पण ते शिस्त नसलेल्यांसाठी.

४ फेब्रुवारी
सुरुवात. कोमट पाणी, भिजवलेले जवस, ओट्स, दही, बीन्स. ‘एकेक पदार्थ हळूहळू वाढवा’ असा सल्ला होता. वेळ नसल्याने सगळे एकदम वाढवले. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावला. आईने विचारले, दाढ दुखतेय का रे. मी मोजत असल्यामुळे उत्तर देता आले नाही. कामावर चाळीस मिनिटे उशीर.

६ फेब्रुवारी
पोट फुग्यासारखे. पँटचे बटण लागत नाही. लक्षण चांगले असावे. नवे जंतू राहायला आले की जुन्यांशी जागेवरून भांडण होणारच.

आवाजांची नोंद सुरू केली. आजचे एकूण ५३. पैकी गुरगुर ३१, बुडबुड १४, आणि आठ असे की ज्यांना शब्द सापडत नाही.

९ फेब्रुवारी
रिसेप्शनवरच्या ताईंनाही चाचणीला बोलावले आहे. मला त्यांची काळजी वाटते. ड्रॉवरमध्ये चिप्स आणि बिस्किटे, गार झालेला चहा पुन्हा गरम करून पितात. माणुसकी म्हणून त्यांना फायबर समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, सोन्या, आधी खाली बस बघू, घाम फुटलाय तुला. मग बिस्किट पुढे केले. नाकारले.

१२ फेब्रुवारी
आंबवलेला कोबी. यात जंतू सर्वांत जास्त. बरणीला ऊब लागते म्हणून स्टुडिओत ॲम्प्लिफायरच्या मागे ठेवली. लेखात ‘झाकण सैल ठेवा’ असे होते. सैल झाकण मला बघवत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपारी २.१५
झाकण उडाले. मॅडम त्या वेळी माइकवर मृत्यूचे प्रकरण वाचत होत्या.

सायंकाळी ७
रेकॉर्डिस्टने दोन तास वायरी पुसल्या. माझ्याशी बोलला नाही, कोबीशी बोलला. मॅडमनी खोलीत बोलावून सांगितले की वीस तारखेला बघू, त्यानंतर संधी नाही. उत्तर माझ्या पोटाने दिले. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. उरलेला कोबी घरी आणला. जंतू शाबूत आहेत.

१७ फेब्रुवारी
आवाज ८८. झोप नाही. आई म्हणाली, पूर्वी तुझं पोट दिवसातून एकदा बोलायचं, तेही जेवायला उशीर झाला तर. आता अखंड चालू. मग हळूच विचारले, नोकरी राहील ना रे? मी म्हटले, आई, ही आतून होणारी सुधारणा आहे. आईला शास्त्र माहीत नाही.

१९ फेब्रुवारी
मोठा निर्णय. आत्तापासून चाचणीपर्यंत काहीही खायचे नाही. पोटात काही नसेल तर आवाज कशाचा येणार? इतका साधा मुद्दा पाचही लेखांत नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.५०
पोट शांत. शेजारी ताई केळे खात आहेत. त्यांच्यासाठी वाईट वाटते.

११.३०
सहा मिनिटे वाचले. रेकॉर्डिस्टने नऊ वेळा थांबवले. दहाव्या वेळी थांबवले नाही, काचेतून नुसता बघत राहिला. बाहेर आल्यावर त्याने विचारले, सकाळी काय खाल्लंस? मी अभिमानाने सांगितले, काही नाही. तो म्हणाला, अरे वेड्या, रिकामं पोट जास्त ओरडतं. इथे सगळे चार घास खाऊनच माइकवर बसतात. पहिल्या दिवशी काय खाल्लं होतंस?

पहिल्या दिवशी भीतीने काहीच खाल्ले नव्हते. त्याला सांगितले, आठवत नाही.

ताईंनी वीस मिनिटे वाचले. एकदाही थांबावे लागले नाही. शेवटी रेकॉर्डिस्टने नाक शिंकरले. मीही डोळे पुसले, ते अशक्तपणामुळे.

२४ फेब्रुवारी
नोकरी गेलेली नाही. ताई आता वाचक. माझ्यासाठी मॅडमनी नवे पद निर्माण केले आहे. हेडफोन लावून रेकॉर्डिंगमधले पोटाचे आवाज शोधायचे आणि वेळेची खूण करायची. मॅडम म्हणाल्या, या विषयात तुझ्याइतका अभ्यास इथे कोणाचा नाही. इतक्या स्पष्ट शब्दांत माझे कौतुक त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

आईला सांगितले, बढती.

२८ फेब्रुवारी, सायंकाळी ५.०५
ताईंचे पहिले प्रकरण. डोळे मिटून ऐकले. तासभर एकही आवाज नाही. चिप्स खाणाऱ्या माणसाच्या पोटात इतकी शांतता असणे संशयास्पद आहे. शेवटी, ताई एका वाक्यानंतर थांबल्या असताना, एक गुरगुर सापडली. लांब, स्पष्ट, उतरत गेलेली. वेळ लिहिली. खाली दोन रेघा ओढल्या. ताईंबद्दल वाईट वाटले, पण काम ते काम. रेकॉर्डिस्टला बोलावले.

त्याने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, प्रकरण संपून दहा मिनिटं झाली.