पाणी काढायचं राहिलं

विदर्नसी,
जूनचा पहिला रविवार

प्रिय गेनॉर,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस, म्हणून पत्ता नोरीनआत्याकडून लिहून घेतला. लबाडी म्हण हवं तर. फोनवर तू म्हणालीस, "आधी घर मोडलंस, आता व्हॅनही घालवलीस. या उन्हाळ्यात मी येणार नाही. तुझ्याबरोबर एका छपराखाली राहायचं नाही मला." आणि फोन ठेवून दिलास. मी उलट काही बोलले नाही, याचंच तुला नवल वाटलं असेल. एरवी मी गप्प बसणारी नव्हे. पण तू ऑगस्टमध्ये येणार नाहीस हे काही माझ्या मनाला पटत नाही. तेवढ्यासाठी लिहितेय. शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव.

व्हॅनबद्दलचं बोलणं मला फार लागलं, कारण समुद्रकाठच्या कॅम्पवरचं ते चाकांचं सुट्टीचं घर माझंही होतं. घटस्फोट झाला तेव्हा हल शहरातलं घर विकलं, कपबशासुद्धा वाटून घेतल्या, पण व्हॅन काही अर्धी कापता येईना. चाकं असूनही जन्मात जागची न हललेली ती वस्तू, विकायला काढली तर कुणी फुकट नेईना. मग पंधरवडा त्याचा, पंधरवडा माझा, असं ठरलं. विमाही दोघांच्या नावावर राहिला. नोरीन म्हणायची, "त्यापेक्षा लग्नाचा विमा उतरवायचा होतात." इतक्या वर्षांत आम्ही तिथे एकदाही समोरासमोर आलो नाही. पण आपली पाळी संपली की तुझा बाबा माझ्यासाठी गॅसची टाकी भरून ठेवायचा, आणि मी कपाटात चहा ठेवून जायचे, कारण हा माणूस चहा विकत आणायला आयुष्यात शिकला नाही. वेगळे झाल्यावर आमचं बरं जमलं, पोरी. नवराबायको होतो तेव्हा एवढं जमलं नव्हतं.

मार्चमध्ये व्हॅन उघडायची मी आणि नोव्हेंबरात बंद करायचा तो. थंडीत नळांत पाणी राहिलं की गोठतं आणि नळ फुटतात, म्हणून बंद करताना सगळं पाणी काढून टाकायचं. विमा कंपनीची पहिली अटच ती. जन्मभर प्लंबर असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्या अख्ख्या रांगेतल्या व्हॅनचं पाणी तोच काढायचा. शेजारच्या व्हॅनमधल्या पॉलिनचा नवरा क्लाइव्ह नुसता बॅटरी धरून उभा राहायचा आणि मग क्लबात "आम्ही केलं" म्हणून बिअर प्यायचा. गेल्या नोव्हेंबरात मात्र तुझ्या बाबाने कंबर धरलीय असं सांगून सगळ्यांना नाही म्हटलं. "आपली तेवढी बघतो," म्हणाला. लोकांनी कॅम्पच्या माणसाकडून करून घेतलं. माझ्या मनात काही शंका आली नाही.

मार्चमध्ये दार उघडलं आणि पाय ठेवताच जमीन दबली, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. गालिचा ओला, भिंतींवर काळी बुरशी, गीझर उभा चिरलेला. मेन कॉक चालू आणि सगळे नळ घट्ट बंद. म्हणजे पाणी काढलंच नव्हतं. तू लहानपणी जिथे झोपायचीस त्या बाकाखालच्या फळ्या हाताने सोलून निघाल्या. मी तिथल्या तिथे फोन लावून तुझ्या बाबाला वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "असं कसं होईल, एव्हरिल? मी काढलंय पाणी." आवाज इतका ठाम, की क्षणभर मलाच वाटलं, मी दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये तर शिरले नाही ना!

म्हणून मी त्याच्या फ्लॅटवर गेले. भांडायलाच गेले होते. म्हटलं, काढलंस ना, मग दाखव कसं काढलंस ते. तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि हवेतच हातांनी करून दाखवायला लागला. आधी वाकून मेन कॉक बंद केला. मग सिंकचा नळ उघडला. मग हात पुढे गेले आणि तिथेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी थांबले. आपल्या स्वतःच्या हातांकडे तो असा बघत होता, जणू ते कुणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिलेत. मग खाली बसला आणि म्हणाला, "एव्हरिल, मी गेलो होतो का गं तिकडे?" गेनॉर, मी त्या माणसाशी बावीस वर्षं संसार केला, त्याला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हा विसरण्याचा आजार आहे, असं डॉक्टरांनी नाताळच्या आधीच सांगितलं होतं. आता हे वाढतच जाणार आहे. फक्त नोरीनला माहीत होतं, आणि तिच्याकडून त्याने शपथ घेतली होती. "गेनॉरला कळता कामा नये. तिला मी सगळं दुरुस्त करणारा बाप म्हणूनच माहीत आहे." हे त्याचेच शब्द. ती शपथ मी घेतली नव्हती, तरी इतके दिवस पाळली. आज मोडतेय.

मग विमा कंपनीचा माणूस येणार असं कळलं. पॉलिन म्हणाली, "अगं, पाणी काढलं होतं म्हणून ठोकून दे, कुठलातरी कॉक बिघडला म्हण. त्या कोवळ्या पोराला काय कळतंय?" क्लाइव्ह साक्ष द्यायला तयार झाला, बिनकामाचा माणूस साक्षीला नेहमीच तयार असतो. पण कंपनी नेव्हिलला, तुझ्या बाबालाच विचारणार होती. काय केलंत, कोणत्या क्रमाने केलंत, शेवटी काय तपासलंत? ज्याच्याकडून सगळी रांग शिकली, तो माणूस कुणातरी पोरासमोर हात हवेत धरून उभा राहणार. ते मला बघवलं नसतं. आणि खरं सांगायचं, तर त्याचं दुखणं कागदावर येऊन सगळीकडे बोभाटा होणार. भरपाई तर अशीही मिळणार नव्हती आणि तशीही. मी फोन केला आणि सांगितलं, यंदा ते काम माझ्याकडे होतं, मी विसरले. पलीकडची मुलगी मोठी गोड होती. "प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे," म्हणाली आणि दावा फेटाळला.

मग मी तुझ्या बाबाकडे गेले आणि त्यालाही तेच सांगितलं. "अरे, नोव्हेंबरात तुझी कंबर धरली होती ना? तू मला फोन करून पाणी काढायला सांगितलंस आणि मी साफ विसरले. आज आठवलं." त्याला ते आठवेना, पण कंबर आठवत होती. चेहरा कसा सैल झाला, काय सांगू तुला! उठून त्याने माझ्यासाठी चहा केला. साखर दोनदा घातली, मी मुकाट्याने प्यायले. त्याच संध्याकाळी त्याने तुला फोन करून सांगितलं, की व्हॅन आईमुळे गेली. तो खोटं बोलला नाही, बाळ. त्याला जे ठाऊक होतं तेच बोलला.

इथे आता सगळा कॅम्प मला हसतो. क्लबात बिंगोला बसले की मागून कुणीतरी म्हणतंच, "एव्हरिल, घरचे नळ बंद केलेस का गं?" नवऱ्याला सोडलं की साधा नळही सांभाळता येत नाही, असंही एकीने ऐकवलं. मी म्हणते, हो गं बाई, वय झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. क्लाइव्हने फळ्या टाकून जमीन चालण्याजोगी करून दिलीय, तेव्हा बिनकामाचा हा शब्द मागे घेते. पाणी बाहेरच्या नळावरून बादलीने आणावं लागतं. हंगाम संपला की कॅम्पवाले व्हॅन तोडायला नेणार आहेत. पाळ्यांचं आता काही राहिलं नाही. दोन्ही पंधरवडे तुझा बाबा आणि मी इथेच असतो. तो आतल्या खोलीत, मी बाहेरच्या पलंगावर. सकाळी तो खिडकीत बसून समुद्र बघतो आणि मी बेकन तळते. परवा त्याने मला विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?" मी म्हटलं, पाणी आणायला गेलेत, येतीलच. ते त्याला पटलं. मी मात्र भांडी घासायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि पोटभर रडले.

तुझं नाव अजून तो चुकत नाही, रोज एकदा तरी घेतो. पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. म्हणून ये. आणि आलीस की माझ्या गळ्यात पडू नकोस, माझी क्षमाही मागू नकोस, नाहीतर त्याला संशय येईल. पहिले काही दिवस माझ्यावर रागावूनच राहा. त्याच्यासमोर मला चांगलं फैलावर घे, की आई, एवढं साधं काम तुला जमलं नाही! मग तो काय करतो बघ. परवा पॉलिन मला टोचून बोलली, तर हा खुर्चीतून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाला, "तिला काही बोलू नका. माणूस विसरतं कधीकधी." आमच्या सगळ्या संसारात, गेनॉर, त्याने माझी बाजू कधी घेतली नव्हती. तू ये आणि मला रागाव. मला ते पुन्हा ऐकायचंय.

तुझीच,
आई